कोंडाण्याची चढण आणि अंतेवासी बलक

लेण्यांची पायवाट चढताना मुले बहुधा एकच प्रश्न विचारतात, आणि तो प्रश्न अगदी रास्त असतो : भिक्खू इतक्या उंचावर, डोंगरात का राहत होते? वर्धा नदीचा काठ, कापसाची शेते आणि काळ्या मातीचा सपाट मुलूख पाहत वाढलेल्या पुलगाव परिसरातील मुलाला हे कोडे पडणे स्वाभाविकच आहे. त्याला सहसा मिळणारे उत्तर असे असते की, भिक्खूंनी जगाचा त्याग केला होता, म्हणून ते माणसांपासून दूर निर्जन अरण्यात गेले. हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेला अर्धा भाग ठाऊक नसेल, तर चढण पायांना घडते, मनाला घडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आपल्या शाळेचे आजी-माजी विद्यार्थी आणि पालक पुढेमागे ही वाट चढतीलच. त्यांच्यासाठी हा उरलेला अर्धा भाग येथे मांडला आहे.

प्रारंभी 'लेणे' हा शब्दच पाहू. पाली भाषेत 'लेण' म्हणजे आसरा, निवारा. विनयपिटकातील चुल्लवग्गात अशी हकीकत येते की, आरंभीच्या काळी भिक्खू झाडाखाली, डोंगरकपारीत, स्मशानात, गवताच्या गंजीपाशी, जेथे जागा मिळेल तेथे राहत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने त्यांना भल्या पहाटे त्या त्या ठिकाणांहून येताना पाहिले आणि आपण विहार बांधून दिले तर आपण त्यांत राहाल का, असे विचारले. तथागतांनी पाच प्रकारच्या निवाऱ्यांना अनुमती दिली, त्यांत गुहाही होती. अनुमती मिळताच त्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभे केले, असे तेथे सांगितले आहे. ते विहार कशाचे असतील, हे साठ या आकड्यावरूनच कळते : लाकडाचे, गवताचे, मातीचे. दगडातील लेणी ही त्यानंतरची कथा.

दुसरी हकीकत राजा बिंबिसाराची आहे. बुद्ध आणि संघ यांना राहण्यासाठी कोणती जागा द्यावी, याचा विचार करताना त्याने लावलेला निकष फार बोलका आहे. जागा गावापासून फार दूर नसावी आणि फार जवळही नसावी. लोकांना जाण्यायेण्यास सोयीची असावी. दिवसा गर्दी नसावी, रात्री गलबला नसावा. या निकषातून वेळुवनाचे दान झाले. भिक्खूला सकाळी भिक्षेसाठी गावात जायचे असते आणि मध्यान्हापूर्वी भोजन उरकायचे असते. त्यामुळे गावापासून तो अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहूच शकत नाही. त्याच्या एकांताची सीमा अशी गावाच्या चुलीने ठरवून दिलेली आहे.

हाच निकष हाती घेऊन सह्याद्रीचा नकाशा पाहिला की चित्र झपाट्याने स्पष्ट होते. प्राचीन काळी कल्याण, सोपारा या बंदरांतून माल घाटावर चढत असे आणि पैठण, तेर यांसारख्या नगरांकडे जात असे. बोरघाटाच्या पायथ्याशी कोंडाणे आणि आंबिवली, तर घाट चढून गेल्यावर कार्ले, भाजे आणि बेडसे. नाणेघाट चढून आले की जुन्नर. तेथे तुळजा, लेण्याद्री, शिवनेरी आणि मानमोडी या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. नाशिकच्या वाटेवर त्रिरश्मी, जिला आपण आजही पांडवलेणी म्हणतो. खानदेशात उतरणाऱ्या सातमाळ्याच्या वाटांवर पितळखोरा आणि अजिंठा. आज अतिशय दुर्गम भासणारी रायगड जिल्ह्यातील ठाणाळे आणि खडसांबळे ही लेणीसुद्धा घाटवाटांच्या सोबतीनेच उभी आहेत. ज्यांना आपण आडरान समजतो, तो त्या काळी हमरस्त्याचा शेजार होता. रस्ते बदलले, बंदरे गाळाने भरली, आणि लेणी मागे राहिली.

(नाणेघाटातील प्रसिद्ध गुहा मात्र बौद्ध लेणे नाही. तेथे सातवाहन राणी नागनिकेचा लेख असून त्यात वैदिक यज्ञांची आणि दक्षिणांची नोंद आहे. सहलीत ती गुहा सर्रास 'बुद्धलेणी' म्हणून दाखविली जाते, म्हणून हा खुलासा. एकाच वाटेने दोन्ही परंपरांचे लोक ये-जा करीत होते, ही गोष्ट आपली मान खाली घालणारी मुळीच नाही.)

लेणी आणि व्यापारी मार्ग यांचे हे नाते पायी हिंडून ज्यांनी पटवून दिले, त्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव अग्रभागी आहे. ते व्यवसायाने गणिती. परंतु पुण्याभोवतालचे डोंगर, घाटवाटा, गावदेवतांची ठाणी त्यांनी अक्षरशः पायाखाली घातली आणि कार्ल्याच्या शिलालेखांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी यांचे तर आपल्या वर्धा जिल्ह्याशी अखेरचे नाते जडले आहे. गोव्यातून बुद्धाच्या शोधात निघालेला हा तरुण १९०२ साली नेपाळच्या डोंगरांत गेला, तेथे हवा तो धम्म दिसला नाही म्हणून निराश होऊन उतरला आणि पुढे श्रीलंकेत जाऊन पाली शिकला. महाराष्ट्रात पाली भाषेच्या अध्ययनाचा पाया त्यांनी घातला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले. पुलगावहून सेवाग्रामला जाणारे किती जण या आठवणीने तेथे क्षणभर थांबतात, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आता पावसाचा विचार करू, कारण दगडातील घरांचे खरे कारण पाऊस हेच आहे. भिक्खूने वर्षभर फिरत राहावे, मात्र पावसाळ्यात एका जागी थांबावे, हा वर्षावासाचा नियम. पावसात हिंडणारे भिक्खू कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवितात, अशी लोकांची तक्रार आली आणि त्यातून हा नियम झाला, असे विनयपिटक सांगते. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंतचे ते तीन महिने. वर्ध्यात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर तो चार हजारांच्या घरात जातो. असा पाऊस तीन महिने अंगावर घेईल असे गवताचे किंवा मातीचे घर टिकणार कसे? सह्याद्रीत बेसाल्ट खडकाचे आडवे, सलग थर आहेत. त्या थरांत वरून खाली कोरत जायचे, म्हणजे पाड किंवा परात बांधावी लागत नाही. छत आधी, जमीन शेवटी. अर्धवट राहिलेल्या लेण्यांत ही रीत आजही डोळ्यांनी दिसते. आतील खोल्या सात-आठ फुटांच्या, त्यात दगडाचाच ओटा, तोच बिछाना. दाराशी चौकटीच्या खोबणी दिसतात, म्हणजे तेथे लाकडी दार होते. बाहेर कड्यावरून येणारे पाणी पन्हळीने वळवून खडकात खोदलेल्या टाक्यात घेतलेले असते. शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हणतात. उन्हाळ्यातही ज्यातले पाणी आटत नाही अशी टाकी आजही अनेक ठिकाणी आहेत.

हे सारे कोणी केले? येथे राजांची नावे घेण्याची आपल्याला सवय आहे, आणि राजांचा वाटा होताच. परंतु भिंतींवरील ब्राह्मी अक्षरे वाचली की वेगळीच वस्ती समोर येते. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि जवळजवळ १४ मीटर उंच. ते पूर्णत्वास नेले वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, आणि जंबुद्वीपातील हे सर्वोत्तम शैलगृह आहे असे त्याने अभिमानाने कोरून ठेवले. त्याच चैत्यगृहाच्या दाराचे काम धेनुकाकट येथील सामिन नावाच्या सुताराचे. तेथील कित्येक खांब यवनांनी दिलेले आहेत. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दान दिली. तेथेच चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप दिला. नाशिकला मुगुदास नावाच्या कोळ्याने कुटुंबासह एक लेणे दिले. पितळखोऱ्याला पैठणच्या एका गंध्याचे, म्हणजे अत्तर-सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे, आणि एका राजवैद्याच्या मुलाबाळांचे दान आहे. कुड्याच्या लेण्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. कान्हेरीत भिक्खुणींनी दिलेली दाने आहेत.

नाशिकचा एक लेख तर पुलगावच्या वाचकाने आवर्जून समजून घ्यावा असा आहे. ज्या गावाने कापडगिरणीचा भोंगा कितीतरी वर्षे ऐकला, त्या गावाला त्याचा हिशेब चटकन कळेल. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने त्रिरश्मीवर लेणे कोरविले आणि त्यासाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही ठेव त्याने कोणाकडे ठेवली? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे व्याज महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे, असे लेखात सांगितले आहे. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब पैशापर्यंत जुळतो. पाचवी-सहावीच्या वर्गात सरळव्याज शिकविताना हे उदाहरण फळ्यावर मांडावे, अशी गणिताच्या शिक्षकांना विनंती आहे. दान देणारा राजघराण्यातला होता. पण वर्षानुवर्षे भिक्खूंच्या अंगावर वस्त्र राहील, हा भरवसा विणकरांच्या पतीवर होता.

कार्ल्यातही याच उषवदाताचे दान आहे. तेथील वलुरक लेण्यांत वर्षावास करणाऱ्यांच्या निर्वाहासाठी त्याने करजिक नावाचे गाव दिले, आणि ते देताना भिक्खू कोणत्या पंथाचा वा कोठून आलेला हा भेद ठेवला नाही. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला, पण त्या गावाचे दान लेण्यांतील भिक्खूंकडेच चालू ठेवले. ज्या आहारात, म्हणजे प्रांतात, ते गाव होते त्याचे नाव लेखात 'मामाल' असे आहे. आजचे मावळ ते हेच.

आता प्रत्यक्ष चढणीकडे वळू. विदर्भातील मुलांना डोंगरातील विहाराची पहिली ओळख करून द्यायची असेल, तर चढणीशिवायही सुरुवात करता येते : सेवाग्रामहून बल्लारशाकडे जाणाऱ्या मार्गावर भांदक स्थानकाजवळ, भद्रावतीत, विजासन टेकडीतील लेणी आहेत. बोगद्यासारख्या लांब वाटेच्या टोकाशी अंधारात बसलेली बुद्धमूर्ती लहान मुले विसरत नाहीत. मोठ्या विद्यार्थ्यांसाठी अजिंठा. तेथील सोळावे लेणे ज्या वराहदेवाने दिले, तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री होता. आणि वाकाटकांच्या या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम. अजिंठा हे परक्या मुलखातले आश्चर्य आहे, अशी समजूत वाशीमचे नाव ऐकताच गळून पडते.

परंतु ज्याला खऱ्या अर्थाने डोंगर चढून विहारात जायचे आहे, त्याने कोंडाणे निवडावे. (सिंहगडाच्या जुन्या कोंढाणा या नावाशी याची गल्लत करू नये.) पुलगावहून कल्याण, तेथून लोकलने कर्जत, आणि पुढे कोंदिवडे गावातून राजमाचीच्या दिशेने पायवाट. तासा-दीड तासाची चाल आहे. वाट दाट झाडीतून जाते. लेणे शेवटपर्यंत दिसत नाही, आणि मग कड्याच्या पोटात चैत्यगृहाची भव्य कमान एकदम समोर येते. ही लेणी इसवी सनापूर्वीची आहेत. दगडात कोरताना कारागिरांनी लाकडी इमारतीची हुबेहूब नक्कल केली आहे : तुळया, जाळ्या, कमानींच्या फासळ्या. कारण त्यांच्या आधीच्या पिढ्यांना लाकडाचेच काम येत होते. दर्शनी भागावर नाचणाऱ्या जोडप्यांची शिल्पे आहेत. भिक्खूंच्या दाराशी नाचणारी माणसे पाहून काहींना संकोच वाटतो. वाटू नये, डोंगराखालच्या जगाला संघाने दाराबाहेर हाकलले नव्हते. आत स्तूप आहे. खांबांचे खालचे भाग तुटून गेले आहेत, वरचे तेवढे छताला धरून आहेत. शेजारी खांबांचा मंडप आणि भोवती खोल्या असलेला विहार आहे.

चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला एका भग्न यक्षमूर्तीचे मस्तक आहे. त्याच्या जवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ एवढाच : कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले. राजाचे नाव नाही, रक्कम नाही, गावाचे नावही नाही. गुरूचे नाव आणि शिष्याचे नाव.

अंतेवासी म्हणजे गुरूच्या सन्निध राहणारा. हा शब्द भिक्खूच्या शिष्याला लावीत आणि कारागिराच्या शागिर्दालाही. म्हणून बलकाला काही अभ्यासक भिक्खू मानतात, काही शिल्पकार. शब्दामागील नाते मात्र विनयपिटकात तपशिलाने आले आहे. अंतेवासीने आचार्यांच्या आधी उठावे, त्यांना दातवण आणि तोंड धुण्यास पाणी द्यावे, त्यांची खोली झाडावी. इथवर कोणालाही अपेक्षित असेच आहे. पण त्यापुढे आचार्यांची कर्तव्ये दिली आहेत, आणि ती जवळजवळ तशीच आहेत : अंतेवासीजवळ भिक्षापात्र वा चीवर नसेल तर ते मिळवून द्यावे, तो आजारी पडला तर त्याला दातवण द्यावे, पाणी द्यावे, तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा करावी. आचार्यांनी शिष्याला पुत्र मानावे, शिष्याने आचार्यांना पिता. रात्री तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेले वसतिगृहाचे अधीक्षक ज्यांनी पाहिले आहेत, त्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हा नियम वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. डोंगरातील विहार ही एका अर्थी निवासी शाळाच होती. तेथे पाठांतर होई, वाद होत, आजारपणे निघत, पावसाळा सरे आणि मुले जाणती होऊन वाटेला लागत.

मग ही नावे आपल्या स्मरणातून गेली कशी? संघ क्षीण झाला, ब्राह्मी वाचणारे उरले नाहीत. इतकी प्रचंड कामे माणसांच्या हातून झाली असतील यावर लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा ती पांडवांनी एका रात्रीत केली असे सांगितले जाऊ लागले. सामिन सुतार आणि मुगुदास कोळी यांच्या श्रमाची नोंद भिंतीवर तशीच होती. ती वाचता येत नव्हती इतकेच. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मीचा उलगडा झाला तेव्हा ती पुन्हा बोलू लागली. काही लेण्यांत दरम्यानच्या काळात अन्य देवस्थाने झाली : कार्ल्याच्या चैत्याच्या अंगणात एकवीरा आहे, लेण्याद्रीच्या विहारात गिरिजात्मज. त्या देवतांना येणारी माणसेही श्रद्धेनेच पायऱ्या चढतात. आपल्या मुलांनी तेथे वाद घालण्यात वेळ दवडू नये, शिलालेख वाचावा. ब्राह्मीची मुळाक्षरे आठवडाभराच्या सरावाने येतात. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला बलकाचे नाव स्वतः वाचता यावे, इतपत तयारी शाळेतूनच करून निघणे अवघड नाही.

जाताना सांभाळण्याच्या काही गोष्टी. भर पावसाळ्यात कोंडाण्याच्या दर्शनी भागावरून धबधबा कोसळतो, तो पाहण्यासाठी झुंबड उडते, आणि शेवाळलेल्या दगडांवर अपघातही होतात. मुलांना घेऊन जायचे तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी आणि चांगली पकड असलेले बूट असावेत. टाक्यातील पाणी पिऊ नये. लेण्यांच्या कमानींत आग्यामोहोळ असते. तेथे आरडाओरड, धूर आणि उग्र अत्तर ही तिन्ही टाळावीत, कारण माश्या उठल्या तर कड्यावर पळायला जागा नसते. आपल्या माणसांना एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी : वंदना अवश्य घ्यावी, परंतु लेण्यात मेणबत्त्या आणि अगरबत्त्या लावू नयेत. काजळीने दगड काळवंडतो आणि जेथे रंगकाम शिल्लक आहे तेथे ते कायमचे नष्ट होते. फुले वाहिली तर परतताना उचलून आणावीत. भिंतीवर नाव लिहिण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो, तो शिक्षकांनी आधीच ओळखावा.

कोंडाण्याहून वाट पुढे राजमाचीकडे चढते. ती उभी आहे आणि तिला आणखी काही तास लागतात. लहान मुले सोबत असतील तर लेण्यांपासूनच परतावे. दुपारी तीनपर्यंत खाली निघालेले बरे. झाडीत अंधार लवकर पडतो, आणि कर्जतकडे जाणारी वाहने कोंदिवड्यातून संध्याकाळनंतर सहज मिळत नाहीत.